गिधाडाच्या पिसाचं टोक

आमच्या घरी येणाऱ्याला आधी हात धुवावे लागतात, मग प्यायला पाणी मिळतं. भडगावच्या घराच्या दारातच बादली असते, बादलीत तांब्या, आणि खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेला साबण. साबण कावळा पळवतो म्हणून बांधलाय, असं आबा सांगतात. आई म्हणते, कावळ्याचं नाव कशाला घेता, तुम्हालाच साबण जागचा हललेला खपत नाही. आबा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांनी किती पोरांची नखं तपासली असतील ते त्यांनाच ठाऊक.

मी जळगावहून एसटीनं येते. दारात पाऊल टाकते न टाकते तोच आबा तांब्या उचलतात. मी दोन्ही हात पुढे करते. "कोपरापर्यंत," ते म्हणतात. अडतीस वर्षांची बाई मी, कॉलेजात पोरं मला मॅडम म्हणतात, तरी भडगावात माझी नखं तपासली जातात. लहानपणी ह्याचा फार राग यायचा. शेजारच्या पोरी खेळून आल्या की थेट ताटावर बसायच्या आणि मी मात्र दारात उभी, हात चोळत. ह्या हात धुण्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि तेही गिधाडांमुळे.

जळगावात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काम करते. आमच्याकडे गिधाडांची गळून पडलेली पिसं येतात, त्यांच्यातून आम्ही डीएनए काढतो. नुसतं बघून गिधाड नर की मादी हे कुणालाही सांगता येत नाही. सारखीच मान, सारखेच पंख, बसायचा रुबाबही सारखाच. कड्यावरच्या पक्ष्याला खाली बोलावून विचारायची सोय नाही. पण पिसात उत्तर असतं. डीएनएचा एक ठराविक तुकडा मशीनमध्ये वाढवला आणि जेलच्या पातळ थरावर विजेनं पळवला, की नराची एक रेघ दिसते, मादीच्या दोन. आणखी काही जागा तपासल्या की पीस ह्या पक्ष्याचं की त्या पक्ष्याचं, तेही कळतं. त्या जागांना आम्ही मार्कर म्हणतो. प्रत्येक मार्करमध्ये अर्धं आईकडून आलेलं असतं, अर्धं बापाकडून, त्यामुळे कोण कुणाचं कोण लागतं तेसुद्धा लपत नाही. गिधाडं उरलीत मोजकी. त्यांच्यात खऱ्या जोड्या किती, भावंडंच तर शेजारी बसलेली नाहीत ना, हे कळल्याशिवाय त्यांना जगवायचं कसं ते ठरवता येत नाही.

घरी मात्र मी दोन वर्षं एवढंच सांगितलं होतं की पक्ष्यांचं काम आहे. "कोणते पक्षी?" आबांनी एकदा विचारलं. "असेच, रानातले," मी म्हटलं आणि ताटातल्या भरताकडे वळले. आबांना वाटलं मोर असतील, पोपट असतील. शेजाऱ्यांना ते कौतुकानं तसंच सांगायचे.

लपवायचं कारण होतं. माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. ते आमच्या लोकांच्या वाट्याला आलेलं काम होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. गावाबाहेर हाडकी होती, म्हणजे मेलेली जनावरं नेऊन टाकायची जागा. तिथं आजोबा ढोर सोलायचे आणि लहानगे आबा त्यांच्या शेजारी बसलेले असायचे. पुढे आमच्या लोकांनी धम्म घेतला. आजोबांनी सोलायची सुरी गिरणा नदीत फेकली आणि मरेपर्यंत मेल्या जनावराला हात लावला नाही. गावानं त्याबद्दल जे जे केलं ते मला आईनं सांगितलंय. आबांनी कधी चकार शब्द काढला नाही. शाळेत पोरं आबांना 'गिधाड' म्हणून हाक मारायची, हेही आईनंच सांगितलं. आता अशा माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते, की आबा, तुमच्या लेकीला गिधाडांचा पगार मिळतो?

तीन वर्षांपूर्वी मी चाळीसगावकडून काही नमुने घेऊन परत येत होते. वाटेत भडगावला घरी उतरले. पिशवी पलंगावर ठेवली आणि तिच्यातलं एक पाकीट घसरलं. त्यातून एक लांब, तपकिरी, पंखाचं पीस सरकून फरशीवर आलं. आबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. वाकले नाहीत, हात लावला नाही.

"गिधाडनं शे," ते म्हणाले.

आबा एरवी शाळामास्तरांची स्वच्छ मराठी बोलतात. अहिराणी त्यांच्या तोंडून आली की समजायचं, आत काहीतरी हललंय. मी पीस उचलून पाकिटात घातलं आणि सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या बापानं सुरी नदीत टाकली. ती तू परत बाहेर काढलीस का?"

माझा स्वभाव तापट. तो कुणाकडून आला ते वेगळं सांगायला नको. "ढोर ओढत नाही मी आबा," मी ओरडले, "एमएस्सी झाले म्हणून हे काम मिळालंय! तुम्हीच शिकवलंत ना मला?" आबा उठले आणि बाहेरच्या बादलीतलं पाणी झाडाला ओतून नवीन पाणी भरायला लागले. मी तशीच पिशवी उचलून स्टँडवर गेले. एसटीत बसल्यावर आठवलं की मी जेवलेच नाही, आणि आईनं माझ्यासाठी कळण्याची भाकरी थापली होती.

पुढे महिनाभर आबा माझ्याशी बोलले नाहीत. फोन आईकडे असायचा, मागून आबांचं खोकणं ऐकू यायचं. "काय करतायत?" मी विचारायची. "गच्चीवर जातात आणि आभाळात बघत बसतात," आई म्हणायची. "मान अवघडली तर मलाच चोळावी लागेल, म्हणून सांगून ठेवलंय मी."

मग एका दुपारी फोन आला. आईचं नाव दिसलं म्हणून उचलला तर आबा होते. ना कशी आहेस, ना काही. सरळ विचारलं, "बठ्ठा गयात का?"

सगळी गेली का. बऱ्याच वर्षांत आपल्या भागात एकही दिसलं नाही, हे त्या महिन्याभरात आभाळ बघून त्यांच्या ध्यानात आलं होतं. मी त्यांना सांगितलं, की गुरांना अंगदुखीवर एक इंजेक्शन द्यायचे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. मारायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण थवेच्या थवे गेले. आता त्या औषधावर बंदी आहे, पण उरलीत थोडीच.

आबा म्हणाले, "गावची घाण उचलायला दोघंच होते, माय. माझा बाप आणि ते. आपण सुटलो."

पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. मला त्या क्षणी आबांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी जळगावात, ते भडगावात, आणि आमच्या घरात तशी पद्धतही नाही. मी फक्त म्हटलं, "दोन आहेत आबा. चाळीसगावच्या पलीकडे, डोंगरात. बघायचीत?"

आम्ही गेलो. चाळीसगावहून पुढची एसटी, मग दीड तास पायी. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जणू शाळा तपासणीला निघालेत. वनरक्षकानं लांबूनच कडा दाखवला. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ होते, आणि एका कपारीत दोन गिधाडं. मी दुर्बीण पुढे केली. आबांनी ती घेतली नाही. "दोन शेतस," ते नुसत्या डोळ्यांनीच म्हणाले, आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. पुसतच राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

परतताना त्यांनी मला पहिल्यांदा हाडकीची गोष्ट सांगितली. ढोर सोलून झालं की आजोबा उठून बाजूला व्हायचे आणि गोल करून बसलेल्या गिधाडांना म्हणायचे, या रे बाबांनो. छोट्या आबांना घाई असायची घरी जायची, तर आजोबा म्हणायचे, थांब, त्यांची पंगत बसू दे. पुढचा सगळा रस्ता त्यांनी माझ्या पिशवीचा एक बंद धरला होता.

त्यानंतर आबांचा रविवार त्या कड्याचा झाला. सकाळची एसटी, दुपारभर झाडाखाली, संध्याकाळी परत. आई सगळ्या गल्लीला सांगायची, "आमच्या पोरीचं लग्न जमवताना एवढे हेलपाटे मारले नाहीत, आणि आता गिधाडांची सोयरीक जुळवायला निघालेत." आबा ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि डबा भरून घेत.

पण सोयरीक हाच खरा प्रश्न होता. दोन वर्षं ती गिधाडं काट्याकुट्या आणून घरटं करायची आणि अंडं काही दिसायचं नाही. त्या डोंगरात वनखात्यानं एक जागा ठेवली होती, जिथं इंजेक्शन न दिलेली, तपासलेली मेलेली जनावरंच टाकत. गावकरी तिला गिधाडांची खानावळ म्हणत. जनावरं मोजकी, माणसं मोजकी. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मीटिंगहून आल्या आणि मला म्हणाल्या, "ते दोघं नर असतील, नाहीतर भावंडं असतील, तर खानावळ दुसऱ्या डोंगरावर हलवणार. तिकडे जोड्या जास्त आहेत." त्यात कुणाचं चुकत नव्हतं. पण खानावळ हलली की आमचे दोघं मिळेल ते खाणार, आणि लपूनछपून इंजेक्शन दिलेलं एक ढोर पुरेसं होतं. नर-मादी आहे आणि नात्यातली नाही, हे दिवाळीच्या आत दाखवायचं होतं. म्हणजे पिसं हवी होती, तीही पावसाळ्याच्या आत गोळा केलेली. पीस भिजत पडलं की त्यातला डीएनए संपतो.

कड्याखाली दर आठवड्याला जाणारं माणूस एकच होतं. आबांचं नाव परवानगीच्या कागदावर घातलं. त्यांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला.

मी फोनवर सगळं शिकवलं. कागदी पाकीट, प्लास्टिक नको. पाकिटावर तारीख, जागा, सही. पीस सावलीत ठेवायचं. "आणि देठाकडच्या टोकाला हात लावू नका," मी म्हटलं.

"का?"

"असंच. नियम आहे."

आता मला त्या 'असंच'ची लाज वाटते. खरं कारण असं, की पीस गळतं तेव्हा त्याच्या टोकाला वाळलेलं रक्त असतं, कातडीचा कण असतो, आणि आमचं सगळं काम त्या कणावर चालतं. पण आबांसमोर रक्त आणि कातडं हे शब्द माझ्या जिभेवर येईनात. त्यांना ती हाडकी आठवायला नको, असं मला वाटलं. प्रयोगशाळेत नवीन पोरगी आली तर मी हेच पहिल्या दिवशी दहादा बजावते. आबांना एकदाही सांगितलं नाही.

होळीपासून मृगापर्यंत त्यांनी तेरा पिसं जमवली. द्यायला स्वतः जळगावला आले. साडीचं खोकं, वर सुतळीची गाठ. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या. बाई म्हणाल्या, अहो आबा, राहू द्या, तरी काढल्याच. खोकं बाईंच्या हातात दिलं, बेसिन कुठंय विचारलं, हात धुतले, चहा घेतला आणि दोनच्या एसटीनं परत गेले. जाताना माझ्याकडे बघून हसले. मोठी परीक्षा दिलेल्या पोरासारखे दिसत होते.

मी खोकं उघडलं. तेरा पाकिटं, तेरांवर त्यांचं ते वळणदार अक्षर. पहिलं पीस बाहेर काढलं आणि साबणाचा वास आला.

पीस लखलखीत होतं. धुतलेलं, वाळवलेलं, एकेक केस हातानं सरळ केलेला. आणि देठाचं टोक नव्हतं. बोरू करायला काढावं तसं ब्लेडनं तिरकं कापून टाकलेलं. दुसरं काढलं. तसंच. तेराच्या तेरा तशीच.

मी तिथूनच फोन लावला. "आबा, काय केलंत हे! टोकं कुठायत?"

"काढली," आबा म्हणाले. एसटीत होते, मागून कंडक्टरचा आवाज येत होता.

"कुणी सांगितलं होतं काढायला? हात लावू नका म्हटलं होतं ना? सगळं त्याच्यातच असतं! तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, कळतंय का? आता पाऊस लागला, परत कुठून आणायची पिसं?"

एवढं सगळं मी बोलले. पंच्याहत्तरीच्या माणसाला, भर एसटीत.

आबांनी अगदी हळू सांगितलं, "रगत व्हतं त्याले, माय. कातडं व्हतं. तुना हातमा कसं देऊ?"

आणि फोन ठेवला.

तुझ्या हातात कसं देऊ. मी खुर्चीवर बसले आणि मोठ्यानं रडले. पिसांसाठी नाही, ती तर गेलीच होती. रक्त लेकीच्या हाताला लागू नये म्हणून त्या माणसानं तेरा वेळा ब्लेड चालवलं होतं, आणि मीही तोच शब्द त्यांच्या कानाला लागू नये म्हणून तोंड मिटून बसले होते. दोघांनी मिळून दोन गिधाडांचं वाटोळं केलं.

आमच्या बाई धुळ्याच्या. गोड बोलण्यात त्यांचा वेळ जात नाही. त्यांनी माझं रडणं होऊ दिलं, मग टेबलावर एक पीस टाकलं. "झालं? आता उजेडात धर. देठ संपून केस सुरू होतात ना, तिथं आतल्या बाजूला बघ."

मी भिंग लावलं. देठाच्या आत, तिळाच्या निम्म्याएवढा एक काळपट ठिपका होता. पीस वाढत असताना त्याला रक्त पुरवणारी नळी तिथं बंद होते आणि थोडं रक्त आतच गोठून राहतं. मला हे पुस्तकात वाचलेलं माहीत होतं. कधी त्याची गरज पडली नव्हती, कारण टोक असायचंच.

"बाहेरून साबण लावलाय त्यांनी," बाई म्हणाल्या. "आत कुठून जाईल?"

तेरा पिसांतून तेरा ठिपके कापून काढले. एवढासा ऐवज, हात थरथरला तरी वाया जायचा. पहिल्या खेपेला जेलवर काहीच आलं नाही, कोरं. दुसऱ्या खेपेला तीच गत. "द्रावणात आणखी एक दिवस भिजू दे," बाई म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला पाच पिसांनी उत्तर दिलं. आठ गेली ती गेलीच. पाचांतल्या तीन पिसांची एक रेघ होती. उरलेल्या दोन पिसांच्या दोन. मी मशीनसमोरून हललेच नाही, बाईंना हाक मारायचंही सुचेना. मग मार्कर लावले. तिन्ही एकरेघी पिसं एकाच नराची, दोन्ही दुरेघी एकाच मादीची, आणि दोघं एकमेकांचे भाऊबहीण नाहीत, मायलेक नाहीत, बापलेक नाहीत. खणखणीत जोडी.

ह्या सगळ्याला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आबा कड्याकडे गेले नव्हते. आईनं सांगितलं, रविवारी डबा मागत नाहीत, गच्चीवरही जात नाहीत, नुसते बसून राहतात. फोनवर सांगायचं माझ्या जिवावर आलं. शनिवारी सकाळीच भडगाव गाठलं.

आबा दारात होतेच. तांब्या उचलला. नजर माझ्या हातांवर, तोंडाकडे बघेनात. मी हात पुढे केले, त्यांनी पाणी घातलं. नखं बघायला वाकले तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

"जोडी आहे आबा. एक नर, एक मादी. नात्यातली नाहीत. तुमच्या पिसांवरून कळलं."

तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं. आतून आई म्हणाली, "म्हणजे सोयरीक जमते म्हणा की!"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "पण मी तर धुतली होती."

"बाहेरून धुतली होती. आतमध्ये थोडं रक्त राहिलं होतं. कितीही धुतलं असतं तरी ते गेलं नसतं." मग मीच पुढे बोलले, कारण आता थांबले असते तर परत जमलं नसतं. "चूक माझी आहे. टोकाला रक्त लागतं, कातडं लागतं, तेच आम्हाला हवं असतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. आणि वर तुमच्यावरच ओरडले. चुकलं माझं, आबा."

आबा पायरीवर बसले. मी शेजारी बसले. त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत सांगायला लागले.

"मला शाळेत घातलं तेव्हा बाप अजून ते काम करत होता. सकाळी मी त्याच्याबरोबर हाडकीवर, आणि तिथून शाळेत. मधे नदी लागायची. तो मला पाण्यात उभा करायचा आणि वाळूनं माझे हात घासायचा. कोपरापर्यंत. साबण कुठला तेव्हा. लाल होईपर्यंत घासायचा. मी रडायचो. तोही रडायचा, पण घासायचा. आणि वर्गात गेलो की मास्तर म्हणायचे, वास येतो, मागं बस."

अडतीस वर्षं ते माझ्या हातांवर पाणी घालत आले होते आणि मला वाटत होतं, आबांना स्वच्छतेचं वेड आहे. मी त्यांचा एक हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. पद्धत नाही तर नाही. त्यांनी तो काढून घेतला नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो जरा वेळानं थांबला, आणि आई पदरानं तोंड पुसत दारात येऊन उभी राहिली. "जेवायचं की गिधाडांनाच जेवू घालायचं आज?" ती म्हणाली, पण तिचाही आवाज धड नव्हता.

खानावळ त्याच डोंगरावर राहिली. यंदा दोघांनी पुन्हा घरटं बांधलंय. गेले काही दिवस दोघांतलं एक तरी घरट्यात बसलेलंच असतं, असं आबा म्हणतात. अंडं असेल किंवा नसेल, कपार उंच आहे, खालून दिसत नाही. आबा आता रविवारबरोबर बुधवारीही जातात आणि आईनं त्यावर बोलणं सोडून दिलंय.

परवा कॉलेजात टपालानं त्यांचं एक पाकीट आलं. कागदी, नीट चिकटवलेलं. वर तेच वळणदार अक्षर: तारीख, जागा, कड्याच्या कोणत्या बाजूला पीस मिळालं ते. त्याखाली ह्या वेळी दोन वाक्यं जास्तीची होती. 'टोक आहे. धुतलेलं नाही.' खाली सही होती, आणि सहीच्या शेजारी त्यांच्या अंगठ्याचा तपकिरी डाग उमटला होता. तो त्यांनी पुसला नव्हता.